गाडी दुरुस्तीला आहे

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तेव्हा कुठे मला आणि नवऱ्याला स्वतःची खोली मिळाली. तिला चार चाकं होती आणि दार उघडलं की बिर्याणीच्या मसाल्याचा वास यायचा.

आधी घर सांगते, म्हणजे मी उगाच रडगाणं गाते असं वाटायला नको. वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमचा वन-बीएचके. बेडरूम सासूबाईंची आणि आमच्या मुलीची. मुलगी दिवसभर तिथेच लॅपटॉप उघडून ऑफिस करते. हॉलमध्ये नवरा दिवाणावर, मी खाली गादीवर, मध्ये टीपॉय. सासूबाईंचे कान चौऱ्याऐंशीव्या वर्षीही इतके तिखट की दिवाण जरा करकरला तरी आतून विचारतात, "कोण उठलं?" अशा घरात नवराबायकोनं बोलायचं काय? दूध, गॅस, मुलीसाठी आलेली स्थळं. बाकी जे काही असेल ते आम्ही मिक्सर लावून बोलायचो. थट्टा नाही करत. मी चटणी वाटायला घ्यायची, तो पाणी प्यायच्या निमित्तानं आत यायचा आणि मिक्सरच्या आवाजात आम्ही भांडून घ्यायचो. एखाद्या आठवड्यात चटणी फारच व्हायची, मग शेजारणीला वाटीभर जायची. ती बिचारी म्हणायची, "किती हौस हो तुम्हाला."

नवऱ्यानं मुंबईच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तिसऱ्याच महिन्यात ही व्हॅन दारात आणून उभी केली. गोखिवऱ्यातल्या एका केटररनं धंदा बंद केला, त्याची. वयानं आमच्या मुलीपेक्षा मोठी. केटररच्याही आधी ती शाळेची गाडी होती. खिडकीखालच्या पत्र्यावर कुणीतरी कर्कटकानं स्वतःचा हजेरी नंबर कोरून ठेवला होता. मी गंजलेल्या दाराकडे बघितलं आणि म्हटलं, "अहो, हे काय भंगार उचलून आणलंत?" तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं मिक्सर सुरू केला. भांड्यात काहीही नव्हतं. त्या घरघराटात म्हणाला, "दोघांसाठी आणलीय. फक्त दोघांसाठी."

त्या रिकाम्या मिक्सरवर मी भाळले. आता पन्नाशीत भाळले म्हणायला लाज वाटते, पण भाळले.

पुढचे चार महिने आम्ही तिच्यामागे होतो. दिवसा बाकडं आणि रात्री पलंग होईल अशी फळी, एका शेगडीपुरता ओटा, तांब्या कसाबसा मावेल एवढं बेसिन, छताला एक छोटा पंखा. अंगाला सायीचा रंग आणि कमरेला हिरवा पट्टा. पडदे मी माझ्या मोरपंखी साडीचे शिवले. नणंद बघायला आली आणि डोळे मिचकावून म्हणाली, "काय वहिनी, हनिमूनला निघालात की काय?" मी म्हटलं, "हो." तिनं घाईघाईनं बेसिनचा नळ सोडून बघितला.

गाडीला चालायची फारशी हौस नव्हती. किल्ली फिरवली की आधी खोकायची, मग थोडा विचार करायची, मग तिसऱ्या खेपेला मनावर घ्यायची. चढ आला की मी नकळत सीटवर पुढे सरकून बसायचे, तेवढीच तिला मदत. पण एकदा लागली की असा काही गोड, जाडसर आवाज काढायची की नव्या गाड्यांतली माणसं काच खाली करून बघायची. मला तिचा भयंकर अभिमान वाटायचा. आमच्याकडे कधी कुणी वळून बघितलंय?

पहिली सहल ठरली चांदीपची. नवऱ्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं शेताच्या कडेला गाडी लावायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. फक्त दोघं, एक दिवस, एक रात्र. आणि इथं आमचा घात आमच्या वळणानं केला. आपल्याकडे कुणी विचारलं की कुठे निघालात, तर सांगावं लागतं. सांगितलं की मागोमाग "चला ना तुम्हीपण" म्हणावं लागतं. मग समोरच्यानं "नको नको, तुम्ही जाऊन या" म्हणायचं असतं. यातली आपली अर्धी बाजू आम्हाला तोंडपाठ आहे, झोपेतसुद्धा चुकणार नाही. समोरची अर्धी बाजू पाळणारं माणूस वसई-विरारमध्ये मला अजून भेटायचंय. नवरा फोनवर विरारच्या बहिणीला "चला ना" म्हणाला, आणि मी जिन्यात समोरच्या काकूंना. त्याला बोल लावायची सोयच राहिली नाही.

चांदीपला आम्ही सात माणसं उतरलो. सासूबाईंनी पलंग घेतला, नणंदेनं शेगडी. नणंदेच्या यजमानांनी पुढची सीट घेतली आणि वाटभर सल्ले दिले. या गृहस्थांना जगातल्या सगळ्या गाड्यांची नाडी कळते, फक्त त्यांची स्वतःची कायम ढकलून चालू करावी लागते. शेतकरी आला, म्हणाला, "पानी हाय ना गाडीत? नसंल तर बोअरचं घ्या." मग एकेक जण उतरताना बघत राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, "समदी ह्यातच झोपनार?" झोपली. आम्ही दोघं सोडून. आम्ही बाहेर चटईवर बसून सगळ्यांच्या चपला राखल्या.

मग तेच सुरू झालं. कुणाला देवदर्शन, कुणाला साखरपुड्याची खरेदी, कुणाच्या पाहुण्यांना समुद्र. पाच सहली झाल्या. पाचही वेळा मी माझे मोरपंखी पडदे दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यामागे बघितले. शेवटच्या खेपेला नवरा माझ्याशी आरशातून बोलला, कारण मध्ये चार माणसं होती.

आणि मग एके दिवशी गोखिवऱ्यात गाडीचा क्लच गेला. देवानं ऐकलं म्हणतात ते हेच. तिथल्याच एका गॅरेजमध्ये तिला ढकलत नेली. दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटून मी परस्पर तिथे गेले. शाळेत मी मराठी शिकवते. नवरा आधीच आलेला होता. गॅरेजच्या मागच्या अंगणात, भिंतीकडेला, गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. एकही चाक जाग्यावर नाही. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, उन्हात कशाला थांबता, आत बसा ना." स्टुलावर पाय देऊन आम्ही वर चढलो, पडदा ओढला आणि शेगडीवर चहा ठेवला.

दीड तास. कुणी हाक मारली नाही, कुणी आलं नाही. चाकं नसलेल्या गाडीत "आम्हालापण न्या" कोण म्हणणार? मी त्याला घरात अहो म्हणते. तिथे चहाचा दुसरा घोट घेताना तोंडातून सहज निघून गेलं, "अरे, साखर कमी झालीय." तो इतका हसला की कप हिंदकळला.

चार दिवसांनी मेकॅनिकचा फोन आला, गाडी झाली, घेऊन जा. नवऱ्याचा चेहरा उतरला. "झाली? इतक्यात?" म्हणाला. मग गॅरेजमध्ये जाऊन, घसा खाकरून, त्यानं मेकॅनिकला विचारलं, "बघा ना, अजून काही बिघडलेलं सापडतंय का." मेकॅनिक पन्नाशीचा माणूस, तीन भाऊ एकाच घरात राहतात. त्यानं एकदा याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. तो म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब. शोधलं की सापडतं."

तेव्हापासून आमची गाडी दुरुस्तीला आहे. अंगणाच्या बदल्यात मी मेकॅनिकच्या मुलीची दहावीच्या मराठीची उजळणी घेतली. घरी सांगायला क्लचनंतर रेडिएटर झाला, रेडिएटरनंतर ब्रेक. मग मेकॅनिकनंच आम्हाला ब्रह्मास्त्र दिलं: पार्ट मिळत नाही. गाडी एवढी जुनी म्हटल्यावर हे सगळ्यांना पटतं. नवरा घरी परतताना बाहीला थोडं ग्रीस लावून यायचा, पुरावा म्हणून. दोन शर्ट गेल्यावर मी ते बंद पाडलं. नातेवाईक हळहळायचे, नणंदेचे यजमान "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणायचे, आणि आम्ही दोघं माना खाली घालून बसायचो. अहाहा, काय मजा यायची.

आत आम्ही काय करायचो, तर काही नाही. तो पेपर वाचायचा, मी त्याच्या मांडीवर पाय टाकून वह्या तपासायचे. भांडायचो मात्र मोकळ्या गळ्यानं. एकदा मेकॅनिकनं आमचा आवाज झाकायला बाहेर रेडिओ मोठा केला. माझी आई गेली तेव्हा घरात मी पाहुण्यांचा चहा करत राहिले होते. तिच्यासाठी रडले ते पाच वर्षांनी, त्या गाडीत. त्यानं नुसता पंखा लावला आणि शेजारी बसून राहिला. हा माणूस मला आवडतो, हे मला इतक्या वर्षांनी तिथं नीट कळलं.

वर्ष होत आलं तसा घरात धीर संपला. नणंदेच्या यजमानांनी जाहीर केलं की येत्या रविवारी ते स्वतः येऊन गाडी तपासणार. नाहीतर त्यांच्याकडे भंगारवाला तयारच होता. त्यांनी मेकॅनिककडे किल्ली मागितली असती तर गाडी तिसऱ्या खेपेला हमखास चालू झाली असती, आणि मग आमची खोली गेली असती. आम्ही मिक्सर लावून बराच खल केला, पण काही सुचलं नाही. त्यात शुक्रवारी सासूबाई म्हणाल्या, "मला आधी घेऊन चल. मी बघते काय बिघडलंय ते." त्यांना नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

रिक्षातून त्यांना नेलं. नवरा गॅरेजच्या दारात उभा, चेहरा पांढराफटक. आम्ही दोघांनी धरून त्यांना स्टुलावरून वर चढवलं. त्यांनी आत सगळीकडे बघितलं. ओट्यावर धुऊन पालथे घातलेले दोन कप. नवऱ्याचा चश्मा. माझ्या तपासायच्या वह्या. उशीवर माझी केसांची पिन. खाली मेकॅनिक उभा होता, त्याला त्यांनी विचारलं, "काय बिघडलंय रे?" तो म्हणाला, "आजी, पार्ट मिळत नाही." पण म्हणताना बघत होता जमिनीकडे.

सासूबाई बाकड्यावर बसल्या. मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर जा. तो पडदा ओढून घे."

आम्ही अर्धा तास अंगणात उभे होतो. नवरा दोनदा "आई, बरं आहे ना?" म्हणाला. दुसऱ्यांदा आतून आवाज आला, "गप्प बस." मध्येच त्या काहीतरी बोलत असल्यासारखं वाटलं. मला वाटलं, जप करतायत.

उतरल्या तेव्हा पदरानं चेहरा पुसलेला होता. रिक्षात बसल्यावर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडून नणंदेला फोन लावून घेतला. "रविवारी जावईबापूंना पाठवू नकोस. गाडीचं मी बघितलंय. त्यांना नाही कळायचं ते." फोन माझ्या हातात परत दिला. मग रस्त्याकडे बघत, मी विचारलंही नव्हतं, तरी म्हणाल्या, "एक्कावन्न वर्षांचा संसार झाला आमचा. परळच्या खोलीत नऊ माणसं. इथं आलो, तर मध्ये नात झोपायची. यांच्याशी कधी एकटीनं बसून बोलणं झालंच नाही बघ. गेले तेव्हाही जनरल वॉर्ड होता. आज बोलून घेतलं सगळं."

सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी लहान होती तेव्हा रोज रात्री मीच तिला उचलून आतल्या खोलीत न्यायचे आणि त्या दोघांच्या मध्ये ठेवून यायचे. आम्हाला हॉलमध्ये तेवढीच मोकळीक म्हणून. मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी धरू दिला, तेही पहिल्यांदाच.

एव्हरशाईनच्या वळणावर त्यांनी हात सोडवून घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मंगळवारी मला परत आण. आणि तुम्ही दोघांनी बाहेर थांबायचं."

तेव्हापासून मंगळवार त्यांचा. आम्ही बाहेर थांबतो.