बाराखडी नसलेली भाषा

चार माणसं दीड-दोन वर्षं एका बाकावर बसली की सांगण्यासारखं साचत जातं. त्यातलं हसण्यासारखं फार थोडं निघतं, निदान आमच्या रविवारच्या चिनी भाषेच्या वर्गात तरी.

वर्ग सुरू झाला माझ्या करंगळीमुळे. जळगावच्या आमच्या पाइप कारखान्यात चिनी मशीन आलं. 'चालू' आणि 'बंद'च्या खुणा जवळपास सारख्याच. एकीच्या डोक्यावर दोन टिकल्या जास्त, एवढाच फरक. मी रोलर पुसत होतो. मशीन बंदच होतं. तरी जोडीदार दिलीपने खात्रीसाठी 'बंद' दाबलं. ते 'चालू' होतं. दवाखान्यात तो रडत म्हणाला, "अक्षरं असती तर जुळवून वाचलं असतं रे."

मग मालकांनी चीनमध्ये शिकून आलेल्या मॅडम बोलावल्या. बाहेरचेही एक जण येऊ लागले, असोद्याचे निवृत्त शिक्षक नाना. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, आधी बाराखडी घ्या."

"बाराखडी नाही, नाना. एकेक चिन्ह ओळखायचं. दोन-तीन हजार ओळखता आली की पेपर वाचता येतो."

नाना उभेच राहिले. "मी जन्मभर पोरांना सांगितलं, अक्षरं शिका, काहीही वाचता येईल." मग बसले. "सत्तरी उलटली हो माझी."

*

मॅडमनी सांगितलं, चीनमध्ये दोन प्रांतांतल्या माणसांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, पण लिहिलेलं बरंचसं कळतं.

दिलीप धुळ्याचा, घरची बोली अहिराणी. "म्हणजे माझी आई 'शे' म्हणेल, पुतण्या 'आहे' म्हणेल, पण खूण एकच?"

"साधारण तसंच."

त्याची आई पुण्याला थोरल्याकडे असते. तिच्या 'शे'ला नातू हसतो, म्हणून ती बोलतच नाही.

"मग आई चिनी असती तर बरं झालं असतं," दिलीप म्हणाला.

*

एकदा फळ्यावर लिहिता लिहिता मॅडमचा हात थांबला. लग्नानंतर चार वर्षं सरावच नव्हता. "पाहिलं की ओळखते. पण हातातून गेलंय." खडू खाली ठेवून म्हणाल्या, "मराठीत निदान चुकीचं तरी लिहिता येतं."

*

नानांचा मुलगा चीनमध्ये डॉक्टरी शिकत होता. आजारी पडून तिथेच गेला. त्याच्या सामानात तिथल्या नर्सने लिहिलेलं एक पान आलं. मॅडम म्हणाल्या, "द्या, वाचून दाखवते." नाना म्हणाले, "माझं मी वाचीन."

दीड वर्षाने त्यांनी मला घरी बोलावलं. समोर त्यांच्या बायको, अक्का. नानांचं बोट ओळीओळीने शेवटापर्यंत गेलं, परत वर आलं.

"काय लिहेल हाये?" अक्कांनी विचारलं.

"आई."

"आन् पुढे?"

"पुढचं अजून शिकायचं हाये."

मी शेजारीच होतो. पानावरचं बहुतेक मलाही कळलं होतं.

अक्का माझ्याकडे वळल्या. "तुमी बी त्याच वर्गात जाता ना?"

"जातो, अक्का. पण नाना माझ्या पुढे आहेत."