हरवलेला डबा आणि तात्यांचा मार्कर

वायफाय दुरुस्तीच्या कामात दोन गोष्टी साठतात, वायरचे तुकडे आणि किस्से. तुकडे भंगारवाला नेतो. किस्से तोही घेत नाही, म्हणून तुम्हाला ऐकवतो!

बारामती-इंदापूर भागातल्या शाळा-दवाखान्यांत छताला वायफायचे पांढरे डबे असतात ना, ते आम्ही दोघं सांभाळतो. लॅपटॉप माझा, शिडी पोपटतात्यांची. तात्या निरवांगीचे जुने वायरमन, साठी उलटलेली. तक्रार बहुतेक एकच असते, "एक डबा नेटवर्कवर दिसत नाही!"

*

इंदापूरच्या एका कॉलेजात बारापैकी अकराच डबे दिसत होते. मी दोन तास लॅपटॉपशी झटापट केली. तेवढ्यात तात्यांनी झाडणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशे, हितं आठ दिसांत काय बदललं?"

"काय न्हाय बा. थंडी पडली म्हून कूलर बंद केला."

कूलर आणि डबा एकाच बटणावर! तेव्हापासून मी लॅपटॉप उघडण्याआधी मावशी शोधतो.

*

वरकुट्याच्या शाळेत तर छतावर नुसते दोन स्क्रू. मला वाटलं, चोरी!

"चोरी कशाची? आज खंडेनवमी न्हवं का!" शिपाई म्हणाले. टेबलावर घंटा, खुरपी, प्रिंटर आणि आमचा डबा ओळीनं मांडलेले. डब्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"अहो, परत कधी लावणार?"

"उद्या दसरा झाला की. त्याला एक दिस इसावा नगं व्हय?"

मी तात्यांकडे पाहिलं, तर ते हात जोडून उभे!

*

तात्यांना एक खोड. काम झालं की खिशातला मार्कर काढायचा आणि डब्याजवळच, खालून कुणाला दिसणार नाही अशा जागी, नाव लिहायचं. कऱ्हाटीच्या शाळेत मी चिडवलं, "तात्या, हे वाचणार कोण? पाली?"

"म्होरं जो दुरुस्तीला यील त्यो. त्याला कळाय नगं, हितं आधी माणूस येऊन गेलाय?"

*

यंदा उन्हाळ्यात डॉक्टरांनी तात्यांची शिडी बंद केली. गुडघे! तात्या फोनवर म्हणाले, "शिडीबिगर मी काय कामाचा? दुसरा गडी बघ." मला फार वाईट वाटलं. खरं सांगू, भीतीही वाटली. मी आजवर शिडीची तिसरी पायरी ओलांडलेली नव्हती.

त्याच आठवड्यात बारामतीच्या एका दवाखान्यातला डबा हरवला. मूळच्या छताखाली नवं छत बसवताना तो झाकला गेला होता. नेमका कुठं, कुणालाच ठाऊक नाही. बसवला होता तात्यांनी. मी थेट निरवांगी गाठली आणि त्यांना गाडीवर मागं बसवून आणलं.

तात्या व्हरांड्यात उभे राहिले, डोळे मिटले. "तिसरा खांब. डावीकडं दोन हात."

शिडी लावली. चढलो मी, खालून धरली तात्यांनी. तिसरी पायरी मागं टाकली. नव्या छताची फळी सरकवली तर डबा तिथंच! वायर निसटली होती. खोचली, हिरवा दिवा लागला. शेजारी धुळीखाली अक्षरं होती, 'पोपट, निरवांगी'.

"तात्या, तुमचं नाव आहे इथं!"

तात्यांनी शिडीवरचा एक हात सोडला. खिशातला मार्कर काढून वर धरला.

"तुझं लिव."

मी लिहिलं. त्यांच्या नावाखाली नाही, शेजारी.

"झालं का?"

"झालं."

"मग उतर सावकाश. मी धरलीया शिडी."