रसद वाहणाऱ्याचा बाप

अमेरिकेने इराकवर हल्ला केला त्या वर्षी आम्ही कळमनुरीत मोर्चा काढला. आता सांगितलं तर लोक हसतात. बगदाद कुठे, कळमनुरी कुठे! पण टीव्हीवर रोज जळणारं शहर दिसायचं, आणि आम्हाला काही हसू येत नव्हतं. आम्ही पाच-सहा मास्तर, दोन वकील, थोडे दुकानदार आणि कॉलेजची पोरं बाजाराच्या दिवशी निघालो. अमेरिकेच्या अध्यक्षाचा पुतळा जाळला. तो इतका ओबडधोबड होता की एका म्हातारीने विचारलं, "हा कोन मेला म्हनायचा?" मग मी भाषणाला उभा राहिलो.

मला बोलायची खाज होती, हे कबूल करतो. समोर निजामाचं राज्य पाहिलेली म्हातारी माणसं बसली होती, जुलूम म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. "ज्याच्या दारात परकी फौज येते तो लढणारच," मी म्हणालो. टाळ्या पडल्या, तसा मला चेव आला. "त्या फौजेला बंदूक देणारा तिचाच, आणि पाणी पोचवणाराही तिचाच!" टाळ्या आणखी वाढल्या.

त्या गर्दीत माझ्या मित्राचा बाप होता.

मित्र जवळच्या लमाण तांड्यावरचा. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो. तो दोन वर्षांपूर्वी ट्रक चालवायला कुवेतला गेला होता. तांड्यावर फोन नव्हता, म्हणून दर शुक्रवारी दुपारी तो माझ्या घरी फोन करायचा आणि त्याचा बाप, तांड्याचा नाईक, चालत येऊन फोनजवळ बसायचा. मोर्चाच्या आधीच्या शुक्रवारी मित्राने बापाला विचारलं होतं, की कंपनी आता सरहद्द ओलांडून इराकमध्ये फौजेचं सामान न्यायला सांगते आहे, जाऊ की नको? नाही म्हटलं तर ते घरी परत पाठवणार होते. बाप म्हणाला होता, आठ दिवसांनी सांगतो.

मोर्चानंतरच्या शुक्रवारी नाईक लवकरच आला. टेकला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी म्हनले, पानी पोचवनारा बी त्यायचाच. आमचं पोरगं पीठ, तांदूळ, पानीच नेनार हाय. मंग ते बी त्यायचंच का?"

मला ठाऊक होतं. ट्रकांच्या रांगा वाटेत जाळल्या जात होत्या, पेपरात रोज येत होतं. रसद तुटली की फौज हटते, असं म्हणत मी ती कात्रणं जपून ठेवत होतो. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर ते कसं सांगायचं? "भाषणात तसं बोलावं लागतं, नाईक," मी म्हणालो. "ड्रायव्हरला कोण कशाला हात लावेल?"

त्याचा चेहरा सैल झाला. "मलाबी तेच वाटून राहिलं होतं. आमचे वाडवडील बैलावर धान्य घालून फौजांच्या मागं फिरायचे. ह्या बाजूची फौज असो की त्या बाजूची, लमानाच्या बैलाला कोनी शिवत नव्हतं. धान्य वाहनारा कोनाचाच नसते."

मी मान डोलावली. ते खरंच होतं. पण तेव्हा दोन्ही फौजांना त्याच बैलांची गरज पडायची, म्हणून बैल वाचायचे. हे मी वर्गात शिकवलं असतं, घरात गप्प बसलो.

फोन वाजला. बाप-लेक त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलले. लहानपणापासून मला ती समजते. जा, भिऊ नको, आपल्या माणसाला कोणी मारत नाही, मास्तरही हेच म्हणतो, असं सांगून त्याने फोन माझ्या हातात दिला.

"खरं का रे?" मित्राने विचारलं. "तू तर रोज पेपर वाचतो."

"व्हय," मी म्हणालो. "जा बिनधास्त."

बापासमोर दुसरं काय बोलणार होतो, अशी मी पुढे स्वतःची समजूत घातली. तीही खोटीच. टाळ्या घेतलेल्या वाक्याची किंमत माझ्या ओळखीच्या माणसाने द्यावी, हे मला पाहायचं नव्हतं, एवढंच.

चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला ट्रक जाळले. त्याच्या बरोबरच्या ड्रायव्हरने माझ्याच फोनवर कळवलं. ज्यांनी जाळले त्यांना मी आजही गुन्हेगार म्हणू शकत नाही. गाव त्यांचं, रस्ता त्यांचा, फौज परकी. आणि माझा मित्रही गुन्हेगार नव्हता. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

प्रेत बऱ्याच दिवसांनी आलं. पेटी उघडू नका, असं सांगितलं होतं. त्याच्या आईने ती वरूनच चाचपली.

पुढच्या शुक्रवारी, नेहमीच्याच वेळेला, नाईक आला आणि फोनजवळ बसला. मग म्हणाला, "चुकलं माझंच, मास्तर. लेकरू इचारून राहिलं होतं अन् मी जा म्हनलो. तुमी भर बाजारात खरं सांगितलं होतं. घरी तुमी नुसतं म्हाताऱ्याचं मन राखलं, ते मला कळाया पाहिजे होतं."

त्याने हात जोडले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं, की नाईक, मला माहीत होतं. तो मान खाली घालून बसला होता, आणि सगळा दोष एकटा उचलत होता.

मी त्याला चहा घेणार का, असं विचारलं.