सर्व्हरवाल्या चाचांचा चौथा रकाना

बिघडलेल्या यंत्रावर आमच्या सर्व्हरवाल्या चाचांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. यंत्र कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो यंत्राजवळ बसलेला, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे अकोल्याच्या आमच्या तूर नोंदणी केंद्रात चाचा शिरले, की प्रत्येक टेबलावर आपोआप शिस्त यायची.

अर्धं आयुष्य त्यांनी विहिरींवरच्या मोटारींचं वायंडिंग करण्यात घालवलं. संगणक शिकले ते पन्नाशीनंतर, भाच्याच्या दुकानात. पण दोन्हींत त्यांनी कधी फरक केला नाही. सर्व्हरच्या पाठीवर तळहात ठेवून डोळे मिटायचे, नाक जवळ नेऊन वास घ्यायचे आणि मग खुर्ची ओढून नुसते ऐकत बसायचे. अवजारं तीन कप्प्यांच्या जेवणाच्या डब्यात: खाली पेचकस, मध्ये वायरी आणि वर खरोखरची पोळी-भाजी. सर्व्हरसमोर चहा घेत नसत. म्हणायचे, त्याला वाईट वाटतं. एकदा आमच्या साहेबांनी घाईत मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर चाचा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पेशंट आपलं दुखणं सांगून राहिला होता साहेब, अन् तुमी त्याच्या तोंडावर उशी दाबली!"

त्या वर्षांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लागोपाठ हातची जात होती. घरात येई ती तिच्या ओळींमधली तूर. ती सरकारी काट्यावर घालायची तर आमच्याकडे नाव नोंदवावं लागे. नाही तर व्यापारी देईल त्या भावात सोडायची. आणि नेमकं आमचं नेट गर्दीला भिऊ लागलं. रांग दारापर्यंत असली की सगळं सुरळीत. व्हरांड्यात पोचली की सहाही संगणकांवर 'सर्व्हर सापडत नाही'. सर्व्हर मात्र मागच्या खोलीत दिवे लुकलुकवत खुशाल चालू! कंपनीचा इंजिनिअर येऊन सांगून गेला, "लोड झेपत नाही, नवा घ्या." नवा येईपर्यंत पेरण्या आटोपल्या असत्या. नोंदणी संपायला उरले होते दोन दिवस.

मी चाचांपुढे माझी वही ठेवली. नेट कधी गेलं, रांगेत किती माणसं होती, किती मिनिटांनी परत आलं, असे तीन रकाने, तेही पट्टीने आखलेले. चाचांनी पानं उलटली. "वही लय झ्याक आहे ताई. पण यात माणसं नुसती मोजली. ती काय करून राहिली होती?" आणि त्यांनी माझ्या वहीत वाकडातिकडा चौथा रकाना ओढला. मला त्या रेघेचा आठवडाभर राग होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, दार उघडण्याआधी त्यांनी आम्हा सहा जणांना संगणकांवर बसवलं आणि बँडवाल्यासारखा हात उंचावला. "हाणा!" आम्ही एकाच वेळी सगळ्या जुन्या फायली सर्व्हरवर लोटल्या. अर्धा तास लोटत होतो. नेट हललं नाही. "पहा, सगळं खाऊन वर ढेकर दिली यानं," चाचा म्हणाले. "हा बिमार नाही."

दुपारपर्यंत नेट दोनदा गेलं. बार्शीटाकळीच्या एका आजींचा नंबर दोन्ही वेळा नेमका तेव्हाच आला होता. "काहून रे बाबू," त्या खिडकीतून ओरडल्या, "माह्याच नंबराले काहून झोपते हे?"

मी चौथा रकाना वाचला. दोन्ही ओळींत माझ्याच अक्षरात एकच गोष्ट: 'शिपायाने व्हरांड्यातला कूलर लावला.' आणि तो लावायचा नियमही माझाच, भिंतीवरच्या यादीत सातवा: 'रांग व्हरांड्यात गेल्यास कूलर सुरू करणे.'

मी वही दाखवली, तसे चाचा वायरींचा माग काढत गेले. सगळ्या संगणकांच्या वायरी सर्व्हरकडे जाताना ज्या छोट्या डब्यात येत, त्याचा आणि कूलरचा प्लग एकाच बोर्डात होता. जुना कूलर सुरू झाला की वीज ओढून घ्यायचा आणि डबा विझायचा. नेट गेलं की रांग कडुनिंबाखाली पांगायची, शिपाई काटकसरीने कूलर बंद करायचा, आणि डबा पुन्हा जागा व्हायचा. लोड सर्व्हरवर नव्हताच.

साहेब धावत आले. "काय निघालं, चाचा?"

मी वही पाठीमागे धरली. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काही नाही साहेब. एक प्लग चुकीच्या घरी राहून राहिला होता."

मी कूलर काढायला निघाले, तर त्यांनी अडवलं. "मंग त्यांले उन्हात शिजवता का?" समोरच्या चहाच्या टपरीतून लांब वायर ओढून त्यांनी कूलर तिकडच्या विजेवर लावला. पाचला दहा मिनिटं कमी असताना आजींच्या हातात पावती पडली. "तुह्या मशीनले नजर लागली होती बाबू," त्या म्हणाल्या. "नजर नाही आजी," चाचा म्हणाले, "हवा लागली होती."

चाचा आता अमरावतीला मुलीकडे असतात. आमचं नेट बिघडलं की फोनवरून कोणी तरी सांगतं, बंद करून चालू करा. मी हो म्हणते, पण त्याआधी सर्व्हरच्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहते. कळत काहीच नाही. चौथा रकाना मात्र पट्टीने आखते.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पेन घेऊन भिंतीवरच्या यादीपाशी गेले होते. चाचा जेवणाच्या डब्याचे कप्पे एकावर एक बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "सातवा नंबर खोडू नका ताई. त्या यादीत तेवढाच एक माणसासाठी लिहिला आहे."