पानं वाटून झाल्यावर

माझा धाकटा भाऊ निखिल जेवताना फोनवर पत्ते खेळतो. साधे नव्हेत, ब्लॉकचेनवरचे. म्हणजे प्रत्येक पत्ता त्याने विकत घेतलेला, त्याच्या नावावर नोंदलेला, आणि डाव जिंकला की बक्षिसाची टोकनं मिळतात. आज त्याचा अंगठा काचेवर नुसताच थांबला होता आणि ताटातली आमटी गार होत होती.

"काय झालं रे?"

"कंपनीने बक्षीस कमी केलं. न विचारता. वर म्हणतात, खेळाच्या भल्यासाठी." त्याच्या कपाळावरची शीर ताठली होती. "पत्ते माझेच आहेत गं ताई. पण आता त्यांना विचारतंय कोण?"

खेळाचं भलं! ते नेहमी पानं वाटणाऱ्यालाच कसं दिसतं? लहानपणी आम्ही बदाम सात खेळायचो, तेव्हा काय ठरवायचं ते वाटण्याआधी ठरायचं. नंतर कुणी नवा नियम काढलाच, तर बाकीचे पानं सतरंजीवर फेकून उठायचे आणि नियम काढणारा एकटा बसून राहायचा. फोनमधली पानं फेकायची कुठे? आणि हा उठला, तरी पलीकडे कुणाला कळणार?

जेवणं झाल्यावर मी कपाटातला जुना कॅट काढला, पिसला, आणि त्याच्यापुढे पानं वाटली.

"चल, बदाम सात."

निखिलने पानांना हात लावला नाही.

"आधी सगळे नियम सांग," तो म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही.