चोवीस मेगाहर्ट्झवर सरूबाई

ऑपरेशन मंगळवारी होतं. सोमवारी दुपारी अंजनानं आईला मंचरच्या आपल्या दुकानात बसवलं, शटर अर्धं ओढलं आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. श्वास गळ्याच्या भोकातून चालणार, आवाज कायमचा जाणार.

“काय बोलू?” सरूबाईनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

“आबांशी रोज जे बोलतीस ते.”

सरूबाईला लिहिता येत नव्हतं, आणि येत असतं तरी उपयोग नव्हता. नवरा कुशाबा काचबिंदूनं पार आंधळा झालेला. खुणा तरी कुणाला करणार? नऊ वाक्यं भरली. ‘अवं, हिकडं या’, ‘जेवाय बसा’, ‘बरी हाय मी’ अशी. ‘बरी हाय’ म्हणताना ती रडली, म्हणून ते पुन्हा घ्यावं लागलं.

ही २००१ सालची गोष्ट. अंजनानं पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. सासर सुटल्यावर ती माहेरी येऊन टीव्ही, पंपाचे स्टार्टर दुरुस्त करत होती. तिनं मायक्रोकंट्रोलरची एक साधी चिप घेतली, मेमरीत जागा पुरावी म्हणून आईचा आवाज दाबून भरला, डब्याला नऊ बटणं लावली. चिप बारा मेगाहर्ट्झची. तेवढ्या वेगात तिला दाबलेला आवाज वेळेत उलगडता येईना. शब्द दुप्पट लांबत, जाड होत.

कुशाबा दचकला. “हा कुठला बाप्या आणलास घरात?”

तिनं चिपशेजारचा, तिचा वेग ठरवणारा क्रिस्टल काढून चोवीसचा घातला. डब्यातून सरूबाई बोलली, आणि कुशाबानं आवाजाच्या रोखानं हात पुढं केला.

पण ठरल्या मर्यादेच्या दुप्पट पळणारी चिप पाच मिनिटांत अडकायची. जास्त वेगाची चिप पुण्याचा दुकानदार शंभर नगांखाली मागवायला तयार नव्हता. मग अंजनानं बाराच्याच सात चिपा आणल्या, चोवीसवर चालवल्या आणि किती ताप सोसते ते बघायला एकेकीवर केस वाळवायचं मशीन धरलं. सहा गळाल्या, एक टिकली. तिच्या पायांना चिकटून कपॅसिटर लावले, वायरी आखूड केल्या, व्होल्टेज पाचावरून साडेपाचाला नेलं, पाठीवर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. दोन दिवस डबा बोलत ठेवला. एकदाही अडकला नाही.

दीड वर्ष नवराबायको त्या डब्यावर बोलली. रागावली की सरूबाई ‘जेवाय बसा’ दहादा दाबायची, आणि कुशाबा हसत म्हणायचा, “आगं, आलो की!”

मे महिन्यातल्या एका दुपारी अंजना दुकानातून जेवायला घरी आली. कुशाबा ओट्यावर बसला होता.

“झोपली असंल बघ. मगाशी तीनदा म्हणाली, बरी हाय मी.”

सरूबाई आतल्या खोलीत पत्र्याखाली जमिनीवर पडली होती. अंग गार पडत चाललेलं. गळ्याच्या भोकात कफाचा गोळा घट्ट बसला होता. बोट डब्याच्या पहिल्या बटणाजवळ होतं.

तेरावं झाल्यावर अंजनानं डबा भर दुपारी त्याच पत्र्याखाली ठेवला आणि पहिलं बटण दाबत राहिली. ‘अवं, हिकडं या.’ वीस वेळा बरोबर. एकविसाव्या वेळी डबा म्हणाला, ‘बरी हाय मी.’ पुढं परत, परत तेच. चिप अडकत नव्हती, तापून मेमरीतलं भलतंच वाक्य उचलत होती. अंजनानं दोन दिवस आवाज चालू राहतो का एवढंच ऐकलं होतं. दाबलेल्या बटणाचंच वाक्य डबा बोलतो का, हे तपासलंच नव्हतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कुशाबा सांगायचा, “जाताना सुदिक मला घोर लावला न्हाई तिनं.” अंजना चहा ठेवायला उठायची. सात महिने तिनं हे ऐकलं. मग एका सकाळी तिला ते सोसेना, आणि तिनं सगळं सांगितलं.

कुशाबानं आतल्या खोलीकडं तोंड वळवलं.

“म्हंजी ती मला बोलवत व्हती.”

“व्हय, आबा.”

“दहा पावलं न्हाई गं ती खोली.”

अंजना त्याच्या पायाशी बसून रडू लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

“मला कशाला सांगितलंस?” एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं अंथरूण गोठ्यात नेलं. कुणी जेवायला हाक मारली तर अंग चोरायचा. दोन पावसाळे काढून गेला. अंजनाला त्यानं दोष दिला नाही, आणि तिच्याशी नीट बोललाही नाही.

अंजनानं दुकान बंद केलं आणि चाकणला एका कारखान्यात लागली. डिप्लोमा बघून साहेबांनी तिला सर्किट बोर्ड तपासायच्या टेबलावर बसायला सांगितलं. तिनं हात जोडले आणि पॅकिंगचं काम मागून घेतलं.