तारेचा सांधा

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं दादाच्या. मोठी चादर एकटीला पिळवत नाही, आणि आमचे हे कामावर गेले की घरात दुसरे हात म्हणजे माझ्या थोरल्या भावाचेच. दोन गल्ल्या सोडून तो एकटा राहायचा, सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण मात्र आमच्याकडे. पीळ घट्ट होत आला, पाणी बादलीत पडायला लागलं आणि त्याने टोक सोडूनच दिलं. चादर गरकन उलगडून फरशीवर लोळली.

"अरे, आत्ता धुतली ना मी!"

"पक्कड कुठे आहे गं, चिमणे?" तो म्हणाला. "ती तार काढून दे मला."

मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची तार आहे. तिच्या एका टोकाला सांधा आहे. सांध्यापलीकडचा हातभर तुकडा त्याला हवा होता. तो तिथे मी जोडला होता, आणि का जोडला होता हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

मी रोज वहीत चार ओळी लिहिते. आधी देवाचं नाव, मग दिवसभरात काय झालं ते. दादा त्या वहीत क्वचितच यायचा. त्याच्या आयुष्यात लिहिण्याजोगं काही घडत नसे, आणि काही घडू न देणं हेच त्याचं काम होतं. एका मोठ्या लॉन्ड्रीत तो बॉयलर सांभाळायचा. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. तळमजल्यावरच्या एका तापलेल्या खोलीत चोवीस वर्षं त्याने पाणी बघितलं, आग बघितली आणि प्रेशरच्या मीटरचा काटा लाल रेघेखाली ठेवला. सगळे त्याला मीटरकाका म्हणत. तरुणपणी एका मुलीला भेटायला तिच्या घरी गेला, तर मुलीपेक्षा दारावरच्या विजेच्या मीटरकडेच जास्त बघत बसला, अशी आई त्याची थट्टा करायची. लग्न काही जमलं नाही.

बॉयलरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आतला दाब फार वाढला की तो आपोआप उघडतो आणि जादा वाफ बाहेर सोडतो. त्याला बाहेरून एक दांडा असतो. रोज सकाळी तो हाताने उचलून बघायचा, व्हॉल्व्ह अडकलेला तर नाही ना म्हणून. फुस्स झालं की दादा म्हणायचा, "हां, श्वास चालू आहे." मगच कामावरच्या चहाचा पहिला घोट.

यंदा तो व्हॉल्व्ह झिजला. लाल रेघेच्या कितीतरी आधीच उघडायला लागला. वाफ वाया जाऊ लागली, वरच्या मजल्यावरची इस्त्रीची प्रेस गार पडू लागली, चादरी ओलसरच निघू लागल्या. दादाने सुपरवायझरला तीनदा सांगितलं, नवा मागवा. सुपरवायझर म्हणाला, "मागवलाय हो. तोवर करा की काहीतरी. चोवीस वर्षं नुसता मीटरला डोळा मारत बसलात काय?" प्रेसवर एक बाई होती, तिशीतली, तोंडाची फटकळ. तीही जिन्यावरून ओरडायची, "काका, वाफ देताय की मीच बसू चादरीवर? तेवढ्यात वाळेल!" सगळे हसायचे. दादाही हसायचा.

एका दुपारी तो अवेळी घरी आला. मी भाजी निवडत होते.

"तारेचा हातभर तुकडा दे. दांडा बांधून टाकतो. दोन दिवसांचा प्रश्न आहे, नवा येईपर्यंत."

"असं चालतं?"

"चालत नाही. पण मी आहे ना काट्यासमोर."

पक्कड हातात घेऊन तो गॅलरीच्या दारात घुटमळत राहिला. आता कळतं, मी नको म्हणायची तो वाट बघत होता. मी भाजीवरून मान वर न करता म्हटलं, "देव आहे पाठीशी. काप."

दोन दिवसांचे अकरा झाले. अकराव्या दिवशी मालाची गाडी आली, माणसं कमी होती, म्हणून सुपरवायझरने दादाला गठ्ठे उतरवायला फाटकावर बोलावलं. दहा मिनिटं. तेवढ्यात काटा लाल रेघ ओलांडून गेला. बांधलेला दांडा जागचा हलला नाही आणि वर प्रेसचा पाईप फुटला. बाई समोरच उभी होती.

चार दिवस ती इस्पितळात होती. "तिच्या अंगाखालची चादर आमच्याकडेच धुतलेली असणार," दादा म्हणाला, तेव्हा मी कानांवर हात ठेवले. पाचव्या दिवशी ती गेली.

पाईप फुटल्याबरोबर दादा फाटकावरून बॉयलरकडे धावला होता. आधी त्याने आग बंद केली, मग दांड्याची तार सोडून खिशात टाकली. नंतर कधीतरी तो मला म्हणाला, "आग बंद करायला मला शिकवलं होतं. तार लपवायला कुणीच शिकवलं नव्हतं. तरी हात किती सफाईने चालला बघ."

ती तार त्याने माझ्याकडे दिली. "टाकून दे कुठेतरी." कचऱ्यात कुणाला दिसली तर? जिथून कापली होती तिथेच मी ती पुन्हा जोडली आणि सांध्यावर ओला टॉवेल टाकला. बाई गेली त्या संध्याकाळी देवासमोर बसून मी जे मागितलं ते वहीत लिहिलं नव्हतं. आज लिहिते. चौकशीत काही सापडू नये, हे मागितलं. मेलेल्या बाईचं नावही माझ्या तोंडी आलं नाही.

दादाचं जेवण तुटलं. ताटात हात फिरवून उठायचा. मी समजूत घालायचे, "देवाच्या मनात होतं म्हणून झालं, दादा. आपल्या हातात काय असतं?"

"पक्कड होती," तो म्हणाला.

आमच्या आठवड्याच्या प्रार्थनेनंतर मी प्रवचनकारांना गाठलं. कुणाचं काय ते न सांगता विचारलं, सगळं देवानेच केलं, तर पाप कुठून आलं? ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "ताई, ते पहिल्या माणसापासून चालत आलंय. आपण ते रक्तातच घेऊन जन्मतो." मला हायसं वाटलं. तशीच दादाकडे गेले. पायातल्या चपलाही न काढता म्हटलं, "रक्तातूनच येतं म्हणे. तू एकटा काय करणार होतास?"

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रक्त चोवीस वर्षं तेच होतं, चिमणे. तार अकराच दिवस होती."

मला राग आला. "मग देवाने आपल्याला चुकायची सोय ठेवलीच कशाला? चुकताच आलं नसतं तर?"

"मीही त्याच्याशी तेच भांडत होतो," तो म्हणाला. "बॉयलर ज्याने बनवला त्याला का ठाऊक नसेल, कुणीतरी कधीतरी हा दांडा बांधणार म्हणून? पेटीत घालून कुलूप ठोकता आलं असतं. पण मग सकाळी उचलून कसा बघणार? हात पोचतो म्हणून तर तपासता येतं, आणि हात पोचतो म्हणूनच बांधताही येतं. चोवीस वर्षं रोज उचलला, तेव्हा बनवणाऱ्याला मी नावं ठेवली नाहीत. आता ठेवायला तोंड नाही मला."

मी उठले आणि त्याची दोन भांडी घासून ठेवली.

परवा आम्ही दोघं त्या बाईच्या आईला भेटायला गेलो. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, खुंटीवर लेकीचा कामाचा गणवेश. म्हातारीने दादाला घरातली एकुलती खुर्ची दिली. सुपरवायझर येऊन तिला सांगून गेला होता की तिच्या लेकीने वाफेची चावी घाईघाईत एकदम उघडली, म्हणून पाईप फुटला. चौकशीचे निरीक्षक तसंच लिहिणार होते.

"लहानपणापासून धांदरट हो ती," म्हातारी म्हणाली. "किती वेळा सांगितलं, हळू कर, हळू कर. ऐकेल तर शपथ. आता तिच्यापायी तुम्हाला चौकशीचा ताप. पोरीची चूक झाली, पोटात घाला." आणि तिने दादासमोर हात जोडले.

दादाने तोंड उघडलं. मी त्याचं कोपर दाबलं आणि म्हणाले, "चल दादा, उशीर होतोय." कसलाच उशीर होत नव्हता.

काल चहालाही आला नाही. आज आला, चादरीचं टोक धरलं आणि सोडून दिलं.

"आज अकराला निरीक्षक कागदावर सही करणार," तो म्हणाला. "पक्कड दे."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"आत टाकतील, दादा!"

"टाकतील कदाचित. डबा आणशील ना? मीठ जरा बेताने घाल, इथे तक्रार करता येत नाही म्हणून गप्प खातो."

मला हसू आलं नाही. "सुपरवायझरचं नाव सांग मग. त्यानेच भरीला घातलं."

"तो काय म्हणाला ते सांगेन. बांधली कुणी तेही सांगेन."

"आणि तार कुणी दिली म्हणून विचारलं तर?"

त्याने फरशीवरची चादर उचलली आणि बादलीच्या काठावर ठेवली. "घरातून आणली म्हणेन. पुढचं तू ठरव."

पक्कड ओट्याखालच्या डब्यात होती. ती काढून मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि नको म्हणायला तोंड उघडलं. त्या दुपारी म्हणायचा राहिलेला शब्द आता जिभेवर आयता आला होता. मी तो गिळला आणि पक्कड त्याच्या हातात दिली.

सांधा मी फार घट्ट मारला होता. एका हाताने सुटेना, म्हणून मी तार ताणून धरली आणि त्याने पीळ उलटे फिरवले. तुकडा निघाला. मधोमध जिथे तो दांड्याभोवती वळवला होता, तिथला बाक अजून गेला नव्हता. दादाने तो रुमालात गुंडाळला. उरलेली तार खिळ्यापर्यंत पोचेना, खाली लोंबत राहिली.

"चादर कुठे वाळत घालशील?" त्याने विचारलं.

"बघते."

त्याने पुन्हा टोक उचललं. आम्ही चादर शेवटपर्यंत पिळली, अगदी थेंब निघेनासा होईपर्यंत. मी ती तशीच बादलीत ठेवली, हात पुसले आणि चपला घातल्या. मी दार ओढून घेईपर्यंत तो जिन्यात थांबला.

अकराच्या आत निरीक्षकाच्या कार्यालयात जायचं होतं. त्याआधी त्याला म्हातारीकडे जायचं होतं, तुमच्या लेकीने चावी बरोबरच उघडली होती, एवढं सांगायला.